शटरचे निदान : नरडाण्याच्या एका छायाचित्राची पाठचिकित्सा

सुरतेहून भुसावळकडे येणारा तापी खोऱ्याचा रेल्वेमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग जिथे एकमेकांना भेटतात, त्या ठिकाणी नरडाणा हे गाव आहे. धुळे जिल्ह्यातले, शिंदखेडा तालुक्यातले. माझे आजोळ नव्हे, मूळ गाव. या गावातल्या एका लग्नाचे, १९८२ सालच्या मे महिन्यातले, एक कृष्णधवल छायाचित्र या लेखाचा विषय आहे. विषय म्हणण्यासारखे त्यात काही नाही असेच प्रथमदर्शनी कुणालाही वाटेल. कारण त्याचा निम्मा भाग शुद्ध काळा आहे. उरलेल्या निम्म्यात नवरानवरी, काही पाहुणे आणि एक रडणारे मूल दिसते. काळ्या आणि उजळ भागांमधली सीमा उभी आहे, जवळपास पट्टीने आखावी तशी.

हे छायाचित्र घराच्या अल्बममध्ये कधीच नव्हते. ते २०१९ साली माझ्या आत्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली सापडले. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. फुई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती आणि पुढची सारी वर्षे आमच्याच घरात राहिली. त्या लग्नाचा विषय निघाला की ती एकच वाक्य बोलत असे : "त्यासनी फोटोमा माले कायी करी टाकं." फोटोत त्यांनी मला काळी करून टाकले. घरातले इतर लोक यावर हसत किंवा चिडत. त्यांचे म्हणणे असे, की फुई त्या फोटोला उभीच नव्हती. ती स्वयंपाकाकडे होती. पुरावा म्हणून अल्बममधला फोटो दाखवला जाई. त्यात सगळे आहेत, फुई नाही. फुई तो फोटो पाहायलाही तयार नसे.

एकाच घटनेच्या दोन परस्परविरोधी साक्षी आणि मधे एक बिघडलेले साधन, ही इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित परिस्थिती नाही. आपण साहित्याचे विद्यार्थी-शिक्षक तर तिच्याशी रोजच झगडत असतो. जुनी पोथी हाती येते, तिच्यात एक ओळ गळलेली असते आणि प्रश्न उभा राहतो : ही ओळ लेखनिकाच्या डोळ्यांनी गाळली की कुणाच्या इच्छेने? दोन ओळी एकाच शब्दावर संपत असतील तर नकलताना डोळा पहिलीवरून थेट दुसरीवर घसरतो आणि मधला मजकूर जातो. असा प्रमाद निरागस असतो. परंतु गळलेला मजकूर नेमका कुणाला अडचणीचा असेल, तर संशय वेगळ्या दिशेने न्यावा लागतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झालेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हे या शास्त्राचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण. १९२५पासून १९४३ साली मृत्यू होईपर्यंत त्या कामाचे प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुखटणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखितांतल्या चुकांना कचरा मानले नाही. चुकांच्या साम्यावरूनच हस्तलिखितांची कुळे लावली. चूक ही माहिती असते, हा त्या सगळ्या उद्योगाचा पाया आहे.

आमच्या धुळ्याला तर या बाबतीत विशेष अभिमान बाळगण्याचे कारण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच निवर्तले आणि त्यांची दप्तरे सांभाळण्यासाठी पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. कागद अस्सल की नक्कल, हे ठरवल्यावाचून त्यातल्या मजकुरावर बोलू नये, ही शिस्त राजवाड्यांनी मराठी इतिहासलेखनाला लावली. छायाचित्राच्या बाबतीत मात्र आपण ही शिस्त सहज विसरतो. कागद खोटे बोलेल, पण फोटो कसा बोलेल, असे आपल्याला वाटते. फोटोत जे दिसते ते घडले आणि जे दिसत नाही ते नव्हते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात प्रत्येक छायाचित्र हे एका यंत्राने केलेले लेखन आहे, आणि त्या यंत्रातला लेखनिक म्हणजे शटर. त्या लेखनिकाच्या सवयी आणि त्याचे प्रमाद ठाऊक नसतील, तर जुन्या छायाचित्राचे वाचन अर्धवट राहते. म्हणून थोडे या लेखनिकाच्या इतिहासाकडे वळू.

शटर हे छायाचित्रणाच्या जन्मापासून नव्हते. खानदेशाच्या सीमेवरच याचा उत्तम दाखला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ साली मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पण गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. गिल आणि पारो यांची कहाणी मराठी वाचकाला ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळे परिचित आहे. त्याचे १८७९ साली निधन झाले आणि भुसावळला त्याचे दफन झाले, हे तितकेसे सांगितले जात नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की त्या काळी प्रचलित असलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच छायाचित्र घ्यावे आणि धुवावे लागे, आणि प्रकाश देण्याचा अवधी काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत असे. एवढ्या अवधीसाठी यंत्राची गरजच नव्हती. भिंगावरचे टोपण काढायचे, मनात आकडे मोजायचे आणि टोपण पुन्हा लावायचे. शटर म्हणजे माणसाचा हात होता आणि घड्याळ म्हणजे त्याचा श्वास. त्या छायाचित्रांत चालता माणूस धुरासारखा पुसट होतो किंवा नाहीसाच होतो. तो तिथे नव्हता म्हणून नव्हे. तो थांबला नाही म्हणून.

हाताची जागा यंत्राने घेतली ती रसायनाच्या वेगामुळे. १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात आल्या आणि त्या इतक्या संवेदनशील निघाल्या, की उजेडात सेकंदाचा अंशभर अवधीही पुरेसा ठरू लागला. सेकंदाचा पंचविसावा भाग कुणाचाही हात मोजू शकत नाही. तेव्हा भिंगापुढे स्प्रिंगच्या जोरावर सरकणारे कापडी पडदे आले, आणि पुढे शटरची दोन मोठी घराणी स्थिरावली.

पहिले घराणे पाकळ्यांचे. भिंगाच्या पोटातच पातळ पोलादी पाकळ्या बसवलेल्या असतात; त्या मध्यापासून बाहेर उघडतात आणि पुन्हा मिटतात. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल यांच्या कारखान्यातून १९१२च्या सुमारास आलेल्या कॉम्पुर शटरने घड्याळाप्रमाणे दातेरी चाकांची मालिका वापरून संथ वेगांना शिस्त लावली, आणि तीच रचना जगभर रूढ झाली. आपल्याकडच्या स्टुडिओंत एकशेवीसच्या रोलवर बारा फोटो काढणारे, वरून डोकावून पाहायचे जे दोन डोळ्यांचे कॅमेरे होते, रोलायफ्लेक्स किंवा याशिका-मॅट, ते याच घराण्यातले. दुसरे घराणे पडद्यांचे. यात भिंग मोकळे असते आणि फिल्मच्या अगदी पुढ्यात रबराचा लेप दिलेल्या कापडाचे दोन पडदे एकामागून एक धावतात. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आलेल्या लायकाने या घराण्याला छोट्या, पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात प्रतिष्ठा दिली. १९६५पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात तयार होऊ लागलेला झेनिट-ई हा याच घराण्याचा, आपल्याकडेही परिचित झालेला वंशज.

ही दोन घराणी समजून घेतली की निदानाचे पहिले सूत्र हाती येते. पाकळ्या भिंगाच्या पोटात असल्यामुळे त्यांच्या दोषाचा परिणाम सगळ्या चित्रावर सारखा होतो : फोटो सगळाच फिका किंवा सगळाच गडद. पडदे फिल्मपुढे धावत असल्यामुळे त्यांचा दोष चित्रात जागा धरून बसतो : एखादी कड, एखादा पट्टा, एखादा ठिपका. म्हणजे जुन्या फोटोतल्या बिघाडाचा नुसता आकार पाहूनही तो कोणत्या घराण्यातल्या यंत्राने लिहिला असावा, याचा अंदाज बांधता येतो. अक्षराच्या वळणावरून लेखनिक ओळखावा तसे हे आहे.

दुसरे सूत्र याहून सूक्ष्म आहे. पाकळ्यांचे शटर आजारी पडते ते प्रायः संथ वेगात, आणि पडद्यांचे शटर वेगवान गतीत. कारण साधे आहे. पाकळ्यांना एक सेकंद किंवा अर्धा सेकंद उघडे ठेवण्याचे काम दातेरी चाकांची मालिका करते. तिच्यातले वंगण वर्षांनुवर्षे घट्ट होत जाते आणि एका सेकंदाचे तीन होतात, किंवा शटर उघडेच राहते. खानदेशात तर मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जातो, हिवाळ्यात धुळ्याला दहाच्याही खाली उतरतो. उन्हाळ्यात पातळ झालेले तेल पाकळ्यांवर पसरते आणि थंडीत तिथेच चिकटते. त्यात एक घरगुती उपाय भर घालतो : शटर अडकले की शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. तो थेंब आठवडाभर गुण देतो आणि नंतर कायमचा घात करतो. कारण पाकळ्या कोरड्याच चालल्या पाहिजेत. जाणता कारागीर त्या काढून पेट्रोलने धुतो, पुसतो आणि तेलाचे नाव घेत नाही.

हे मोजायचे कसे? आज मोबाइलच्या मायक्रोफोनने शटर उघडण्या-मिटण्याचा आवाज टिपून संथ वेग मोजता येतात. पण पूर्वीची युक्ती अधिक रम्य होती. ग्रामोफोनवर लाँग प्ले तबकडी फिरत ठेवायची, तिच्यावर पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि वरून फोटो घ्यायचा. तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे सेकंदाला बरोबर दोनशे अंश. फोटोत त्या तुकड्याने आखलेला कंस कोनमापकाने मोजला की उत्तर मिळाले. पाव सेकंदाला पन्नास अंश हवेत; ऐंशी भरले तर शटर ०.४ सेकंद उघडे राहिले. गाण्याचे यंत्र अशा रीतीने कॅमेऱ्याचे वैद्य होत असे.

पडद्यांची गोष्ट निराळी. पस्तीस मिलिमीटर कॅमेऱ्यातली चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते. पडद्याला ती ओलांडायला ढोबळ मानाने सेकंदाचा तिसावा भाग लागतो असे धरू. १/३० या वेगावर पहिला पडदा पलीकडे पोहोचेपर्यंत दुसरा निघतच नाही, म्हणून क्षणभर सगळी चौकट उघडी असते. १/६० वर पहिला पडदा अर्ध्या वाटेत असतानाच दुसरा निघतो, तेव्हा दोहोंमध्ये अठरा मिलिमीटरची फट उरते. १/५०० वर ही फट जेमतेम दोन मिलिमीटर राहते आणि ती फटच चित्रावरून झाडूसारखी फिरते. आता समजा, जुन्या स्प्रिंगमुळे पहिला पडदा किंचित मंद झाला आणि दुसरा वाटेत त्याला दोन मिलिमीटरने गाठू लागला. अठरातून दोन गेले तर कुणाला कळतही नाही. दोनातून दोन गेले की फट संपली, आणि चित्राची एक कड हळूहळू काळवंडत जाऊन विझते. 'हळूहळू' हा शब्द ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम आहे. याशिवाय पडद्याच्या कापडाला बारीक भोके पडतात. टोपण न लावता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला तर भिंग सूर्य गोळा करते आणि पडदा जाळते. मग छापलेल्या प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा ठिपका येतो. जागा न बदलणारा ठिपका हा यंत्राचा. जागा बदलणारा फिल्मचा किंवा धुलाईचा.

निदानाची रीत अशी एका वाक्यात मावते : एक फोटो पाहू नये, अख्खा रोल पाहावा. एकाच प्रतीवरून पाठ ठरवू नये, हे सूत्र इथेही लागू पडते.

आता नरडाण्याच्या फोटोकडे परत येऊ. फुईच्या ट्रंकेतल्या छापील प्रतीवरून काही ठरवणे धोक्याचे होते. छापताना अंधाऱ्या खोलीत हाताने वाटेल तो भाग गडद करता येतो. सुदैवाने त्या काळी स्टुडिओवाले लग्नाच्या निगेटिव्ह पाकिटात घालून घरमालकाला देत, आणि ते पाकीट आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होते. ज्यांनी फोटो काढले त्यांचा कॅमेराही त्यांच्या मुलांनी जपून ठेवलेला निघाला. रशियन बनावटीचा, कापडी पडद्यांचा, पस्तीस मिलिमीटरचा. मी तो मागून उघडून उजेडाकडे धरून पाहिला. चाळीस वर्षे निजलेले पडदे आज चुणलेले आहेत आणि वरच्या वेगांवर धड उघडत नाहीत. क्षणभर वाटले, उत्तर मिळाले. पण ही घाई होती. यंत्राची आजची अवस्था हा १९८२ सालचा पुरावा नव्हे; आज वृद्ध दिसणारा माणूस तेव्हाही वृद्ध होता असे म्हणण्यासारखे ते झाले असते. तेव्हाच्या पडद्यांची साक्ष तेव्हाच्याच निगेटिव्ह देऊ शकतात.

त्या निगेटिव्हनी दिलेली साक्ष अशी. रोलच्या पहिल्या वीस चौकटी दिवसाच्या, उन्हातल्या. त्या कडेपासून कडेपर्यंत सारख्या उजळ आहेत. पडदे एकमेकांना गाठत असते तर सर्वांत आधी इथेच, दिवसाच्या वेगवान गतींवर, कड काळवंडली असती. म्हणजे त्या दिवशी यंत्र निरोगी होते. २१, २२ आणि २३ या चौकटी रात्रीच्या, फ्लॅशच्या. तिन्हींत एकाच बाजूचा निम्मा भाग गेलेला आहे आणि सीमा हळूहळू विझणारी नसून सरळ आहे. २४वी चौकट पुन्हा पूर्ण. कुणाचे बोट किंवा कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीची झडप भिंगाआड आली असती, तर कड अस्पष्ट आली असती आणि तिन्ही वेळा जागा एकच राहिली नसती. स्टुडिओतल्या हातचलाखीचा संशयही निगेटिव्ह पाहताच मिटला. दोष छपाईत नव्हता, मूळ चौकटीतच होता.

उरते ते एकच स्पष्टीकरण. विजेच्या फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही क्षणिक असतो आणि तो पहिला पडदा पलीकडे पोहोचताच होतो. त्या क्षणी सगळी चौकट उघडी असायला हवी, म्हणून अशा कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठी चकती १/३० वर ठेवण्याचा नियम असतो. ती १/६० वर राहिली, तर लखलखाटाच्या क्षणी दुसरा पडदा अर्ध्या वाटेत आलेला असतो आणि निम्मे माणसे त्याच्या आड जातात. छायाचित्रकाराने दिवेलागणीच्या विधींसाठी चकती ६० वर ठेवली असावी आणि फ्लॅश जोडताना ती फिरवायला तो विसरला असावा. तीन फोटोंनंतर त्याच्या ते लक्षात आले, त्याने चकती एक घर फिरवली आणि तोच समूह पुन्हा उभा करून २४वा फोटो घेतला. शटरला कोणताही आजार नव्हता. लेखनिकाचा डोळा घसरला होता, इतकेच.

इथवर येऊन लेख संपवता आला असता. पण काळ्या भागात आणखी एक मजकूर आहे, आणि तो वाचल्यावाचून फुईला न्याय मिळत नाही. पडद्याआड गेलेल्या निम्म्या भागाला फ्लॅशचा उजेड मिळाला नाही, हे खरे; तथापि फट त्या भागावरूनही गेलेली असतेच. तेव्हा जे स्वतः प्रकाशमान होते ते तिथेही उमटायला हवे. आणि ते उमटले आहे. मांडवाच्या कनातीवर डोक्याच्या उंचीला बारीक दिव्यांची माळ लावलेली होती; तिचे ठिपके निगेटिव्हच्या कोऱ्या वाटणाऱ्या भागात भिंगाखाली स्पष्ट मोजता येतात. माणसे माळेच्या पुढे उभी असल्याने जिथे डोके तिथे दिवे झाकलेले. पूर्ण आलेल्या २४व्या चौकटीत त्या बाजूला तीन माणसे आहेत आणि माळेत तीन खंड आहेत. काळ्या २३व्या चौकटीत माळेत चार खंड आहेत. चौथा खंड अगदी कडेला, इतरांपेक्षा थोडा खाली : दोन दिव्यांचा. ते दोन दिवे बंद पडले होते म्हणावे, तर २१, २२ आणि २४ या तिन्ही चौकटींत ते जळत आहेत.

म्हणजे २३व्या फोटोच्या वेळी त्या कडेला एक ठेंगणी व्यक्ती उभी होती आणि २४व्या फोटोच्या वेळी ती तिथे नव्हती. दोन दिव्यांच्या अभावावरून कुणाचे नाव वाचता येत नाही, हे मान्य. पण ती जागा आपली असल्याचे चाळीस वर्षे सांगणारी एकच साक्षीदार होती, आणि तिची उंची घरात सर्वांत कमी होती.

या निष्कर्षाने मला जो धक्का बसला तो असा, की दोन्ही साक्षी खऱ्या होत्या. घरातल्यांना २४वा फोटो आठवत होता आणि त्यात फुई नव्हती. फुईला २३वा आठवत होता आणि त्यात ती होती. चाळीस वर्षांचे भांडण दोन फोटोंमधले होते आणि आम्ही सगळे ते एकाच फोटोबद्दल समजत होतो. पाठभेदांच्या अभ्यासात असे पुष्कळदा घडते : ज्याला आपण पाठाचा विपर्यास म्हणतो तो दुसऱ्याच प्रतीचा प्रामाणिक पाठ असतो.

अपुऱ्या पुराव्याभोवती कथा किती लवकर वाढते, याचे खानदेशातले मोठे उदाहरण म्हणजे चाळीसगावचे केकी मूस. १९१२ साली मुंबईत जन्मलेला, विलायतेत शिकून आलेला हा पारशी कलावंत १९८९ साली मृत्यू येईपर्यंत चाळीसगावच्या रेल्वेस्थानकाजवळच्या आपल्या घरात जवळपास बंदिस्त राहिला. टेबलावर घरगुती वस्तूंची रचना करून त्याने जी छायाचित्रे घेतली त्यांनी जगभर नाव मिळवले. परंतु लोकांना छायाचित्रांपेक्षा आगगाडीने येणार म्हणून सांगून न आलेल्या प्रेयसीची आख्यायिका अधिक पाठ असते. तो घराबाहेर का पडला नाही, ही काळी चौकट होती. ती लोकांनी आपल्या आवडीच्या कथेने भरली. आम्हीही तेच केले. फुईने काळोखात हेतू पाहिला आणि आम्ही काळोखात तिची अनुपस्थिती पाहिली. काळोखाकडे कुणी पाहिले नाही.

शटरच्या निदानाने काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, याचा हिशेब शेवटी स्पष्ट मांडला पाहिजे. फुईला कुणी जाणूनबुजून काळे केले नाही, हे सिद्ध झाले. छायाचित्रकार आणि त्याचे यंत्र दोघेही त्या आरोपातून सुटले. पण २३ आणि २४ या चौकटींमध्ये फार तर मिनिटभराचे अंतर असेल. त्या मिनिटात ती कडेवरून का दूर झाली? फोटो झाला असे समजून ती आपणहून स्वयंपाकाकडे परतली असेल. कुणी तिला हळूच बाजूला घेतले असेल. किंवा कुणी काही बोललेच नसेल. मंगलप्रसंगी विधवेने मागे राहावे, ही गोष्ट ज्या घरात सर्वांना पाठ असते तिथे नुसती एक नजर पुरते. आणि मुळात पहिल्या वेळीही ती मध्ये नव्हे तर अगदी कडेला, अर्धी चौकटीबाहेर का उभी होती? पडदा अर्ध्या वाटेत होता म्हणून नव्हे. ती तिथे उभी होती म्हणून पडद्याआड गेली. यंत्राचा दोष वजा केल्यावर जे उरते ते माणसांचे, आणि यंत्राचे निदान करायचे ते ही वजाबाकी नीट करता यावी म्हणूनच. एरवी आपण आपला दोष यंत्रावर घालतो किंवा यंत्राचा दोष एखाद्या माणसावर, आणि दोन्हीकडून सत्य निसटते.

ज्यांच्या घरी असे अर्धे काळे, पांढऱ्या ठिपक्यांचे, कडेने विझत गेलेले जुने फोटो असतील त्यांनी ते फेकू नयेत. बिघडलेला फोटो अल्बममध्ये चिकटवला जात नाही, म्हणून घराने स्वतःविषयी काय दाखवायचे ठरवले ते अल्बममध्ये असते आणि बाकीचे पेटीत. निगेटिव्ह मिळाल्या तर त्यांचा क्रम बिघडवू नये. मागचीपुढची चौकट हाच अर्धा पुरावा असतो.

आमच्या अल्बममध्ये २४व्या फोटोशेजारी थोडी मोकळी जागा होती. फुईच्या ट्रंकेतली प्रत मी आता तिथे लावली आहे. खाली पेन्सिलीने दोन्ही चौकटींचे क्रमांक लिहिले आहेत, चकतीवरचे ६० आणि ३० हे आकडे लिहिले आहेत आणि काळ्या भागाच्या कडेला, माळेतले ते दोन दिवे जिथे नाहीत तिथे, तिचे नाव लिहिले आहे.